कंपवात : आहार आणि औषधाची वेळ

पेरणीस बियाणे कोणते घ्यावे याइतकेच ते केव्हा पेरावे यासही महत्त्व असते, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. जो पाऊस आषाढात पिकास जीवदान देतो, तोच खळ्यावर धान्य पडलेले असताना आला तर वर्षाची कमाई भिजवून टाकतो. पाऊस तोच, परंतु वेळ निराळी! मनुष्याच्या आहारासही हाच न्याय काही प्रसंगी लागू पडतो. कंपवात हा त्यांपैकी एक प्रसंग होय. या रोगात दूध, डाळ, अंडी यांसारखे उत्तम अन्न वेळ चुकल्यास औषधाचा गुण कमी करते आणि योग्य वेळी घेतल्यास शरीरास बळ देते. आपल्या खेड्यांतील अनेक घरांत आज वयोवृद्ध माणसे या विकाराने पीडित आहेत. त्यांची सेवाशुश्रूषा बहुधा घरातील सुना-मुलींकडे असते व स्वयंपाकघरही त्यांच्याच हाती असते. यास्तव या विषयाची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे इष्ट आहे.

रोगाचे स्वरूप

हात थरथरणे, हालचाली मंदावणे, अंग ताठरणे, पावले जवळ जवळ पडणे, चेहऱ्यावरील भाव कमी होणे, आवाज बारीक होणे ही या रोगाची ठळक लक्षणे आहेत. थरथर प्रत्येकास असतेच असे नाही. लंडन येथील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नावावरून यास पार्किन्सनचा रोग म्हणतात व त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जगभर या रोगाचा दिवस म्हणून पाळण्यात येतो. आपल्या वैद्यकात कंपवात हे नाव जुनेच आहे.

मेंदूच्या तळाकडील भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात व त्यामुळे शरीराच्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या म्हणजे डोपामीनचा तुटवडा पडतो. डोपामीन बाहेरून दिल्यास ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून ज्यापासून मेंदूत डोपामीन बनते ते लेव्होडोपा हे द्रव्य रोग्यास देण्यात येते. १९६७ साली जॉर्ज कोट्झियास या शास्त्रज्ञांनी मोठ्या मात्रेतील लेव्होडोपाचा गुण दाखवून दिला. तेव्हापासून आजतागायत हेच या रोगावरील प्रमुख औषध आहे. लेव्होडोपाचे डोपामीन मेंदूबाहेरच होऊन वाया जाऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा किंवा तत्सम द्रव्य मिसळलेले असते.

या औषधाने रोग मुळापासून जात नाही; परंतु रोग्यास चालता-फिरता येते, स्वतःच्या हाताने जेवता येते, सदऱ्याच्या गुंड्या लावता येतात. म्हणजे प्रत्येक गोळीपाठीमागे रोग्याचे काही तासांचे स्वावलंबन उभे असते. ती गोळी वाया जाऊ न देणे हाच आहाराच्या नियोजनाचा पहिला हेतू होय.

दूध आणि गोळी यांचा विरोध

द्राक्ष बागायतदारांस हे माहीत आहे की, बागेस पालाश प्रमाणाबाहेर दिल्यास जमिनीत मॅग्नेशियम असूनही वेलीस ते मिळत नाही व जुन्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडतो. दोन्ही अन्नद्रव्ये मुळांतून आत शिरताना परस्परांशी स्पर्धा करतात; जे अधिक असेल ते पुढे जाते. लेव्होडोपा व प्रथिने यांचा संबंध बराचसा असाच आहे.

आपण खाल्लेल्या प्रथिनांची पचनानंतर अमिनो आम्ले बनतात. लेव्होडोपा हेही एक अमिनो आम्लच आहे. लहान आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत जाण्यासाठी यांतील काही अमिनो आम्लांस व लेव्होडोपास एकाच वाहकाचा आश्रय घ्यावा लागतो. एस. टी.च्या गाडीत जागा मोजक्या असाव्या आणि बाजारच्या दिवशी थांब्यावर गर्दी उसळावी, तशी स्थिती भरपेट डाळ किंवा दूध घेतल्यानंतर होते. त्या गर्दीत गोळीतील औषध मागे राहते. याशिवाय भरलेले पोट सावकाश रिकामे होते. त्यामुळे गोळी आतड्यात पोहोचण्यास विलंब लागतो.

आपल्याकडे ‘गोळी उष्ण पडते’ या समजुतीने ती दुधाबरोबर देण्याची चाल सर्रास आहे. दौऱ्यात एका गावी असेच एक उदाहरण पाहण्यात आले. एका वृद्ध शेतकऱ्यास दिवसातून तीन वेळा ही गोळी म्हशीच्या पेलाभर दुधासोबत दिली जात असे. सकाळच्या गोळीनंतरही त्यांस ओट्यावरून उठता येईना. औषध आता लागू पडत नाही, असा घरच्यांचा ग्रह होऊन गोळ्या आपल्या मताने वाढविण्याचा विचार चालला होता. त्यांच्या सूनबाईंनी मात्र आधी डॉक्टरांस विचारण्याचा आग्रह धरला. डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवली. गोळी पाण्याबरोबर व न्याहारीच्या आधी देण्यास सांगितले आणि दूध रात्रीवर नेले. सकाळच्या गोळीचा गुण पुन्हा दिसू लागला व आजोबा काठी टेकीत गोठ्यापर्यंत जाऊ लागले. घरातील दूध एक थेंबही कमी करावे लागले नाही.

वेळेचे नियम

गोळी सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर निदान एक तासाने, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळ होत असल्यास सोबत केळ्याचा तुकडा किंवा तांदळाची थोडी पेज घ्यावी. दूध, दही, ताक अथवा शेंगदाणे घेऊ नयेत. गोळ्यांची वेळ दररोज तीच असावी. गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. त्याने तीव्र ताप येऊन अंग अत्यंत ताठरण्याचा संभव असतो.

रोगाच्या आरंभीच्या काळात एवढी दक्षता बहुधा पुरते. काही वर्षांनंतर कित्येकांस गोळीचा गुण मध्येच ओसरतो, कधी उशिरा येतो. जेवणानंतर गोळी लागू पडत नाही असे ज्यांच्या अनुभवास येते, त्यांच्यासाठी डॉक्टर दिवसा प्रथिने थोडी व रात्रीच्या जेवणात अधिक, अशी वाटणी सुचवितात. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : प्रथिनांची वेळ बदलावयाची आहे, प्रथिने बंद करावयाची नाहीत. दर किलो वजनास सुमारे ०·८ ते १ ग्रॅम प्रथिने रोज मिळालीच पाहिजेत. ५५ किलो वजनाच्या मनुष्यास हे प्रमाण ४५ ते ५५ ग्रॅम होते. डाळ-दूध पूर्ण तोडल्यास मांस झडते, अशक्तता येते व रोगी अधिक वेळा पडतो.

कोणत्या पदार्थात प्रथिने किती याचा अंदाज असल्यास वाटणी सोपी जाते. दर १०० ग्रॅम कच्च्या पदार्थात प्रथिनांचे प्रमाण स्थूलमानाने असे असते : तांदूळ व नाचणी सुमारे ७ ग्रॅम, ज्वारी १०, बाजरी ११, तूरडाळ २२, शेंगदाणे २५, सोयाबीन ३६ ते ४०. एका कोंबडीच्या अंड्यात सुमारे ६ व पेलाभर म्हशीच्या दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात. यावरून नाचणी, तांदूळ, ज्वारी, भाज्या व फळे दिवसाकरिता, तर डाळी, उसळी, दूध, अंडी, मासळी रात्रीकरिता, अशी विभागणी सहज ध्यानात येईल.

अशी वाटणी ज्यांस सांगितली आहे, त्यांच्यासाठी एक दिवसाचा आहार नमुन्यादाखल पुढे दिला आहे.

सकाळी उठल्यावर : गोळी, पाण्याबरोबर.
अर्ध्या ते एक तासाने : नाचणीची पाण्यातील आंबील, किंवा भाज्या घातलेले पोहे, त्यात शेंगदाणे घालू नयेत.
दहाच्या सुमारास : पेरू, पपई किंवा ऋतुमानाप्रमाणे दुसरे फळ.
दुपारी : जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी, नंतर ज्वारीची मऊ भाकरी, पालेभाजी, काकडी किंवा गाजराची कोशिंबीर, थोडा भात, पातळ आमटी बेताची.
तिसऱ्या प्रहरी : कोरा चहा किंवा लिंबाचे सरबत, उकडलेले रताळे.
रात्री : गोळीनंतर अर्ध्या तासाने मऊ भात, घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, चालत असल्यास अंडे अथवा मासळी, वाटीभर दही.
निजण्यापूर्वी : पेलाभर दूध. रात्री गोळी घ्यावयाची असल्यास या दोहोंत निदान एक तासाचे अंतर ठेवावे.

उपवासाच्या दिवशी विशेष सावध असावे. एकादशीस किंवा चातुर्मासात गोळीही टाळणारी मंडळी आढळतात. हे सर्वथा अयोग्य होय. शिवाय साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचे कूट भरपूर असते व वर दूधही घेतले जाते. प्रथिनांची वाटणी सांगितलेल्या रोग्यास उपवास करावयाचाच असल्यास दिवसा वरीचे तांदूळ, रताळे व फळे घ्यावी आणि दाण्याची आमटी व दूध रात्रीसाठी ठेवावे.

जीवनसत्त्वे : कोणती व कितपत

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी कंपवात बरा होतो, असा प्रचार कानी येतो. त्यास आधार नाही. ई जीवनसत्त्वाने रोगाची वाढ थांबते काय, हे पाहण्यासाठी अमेरिका व कॅनडात ८०० रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले; त्यात ई जीवनसत्त्वाचा उपयोग दिसून आला नाही. तेव्हा महाग गोळ्यांवर पैसा घालविण्यापेक्षा तो फळे-भाज्यांवर खर्च करणे हिताचे आहे. मात्र ज्या जीवनसत्त्वांची उणीव या रोग्यांत वारंवार आढळते, त्यांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

ड जीवनसत्त्व : घराबाहेर पडणे कमी झाल्याने अंगावर ऊन पडत नाही. ज्या मनुष्याने सारा जन्म उन्हात काढला, त्यासच आता उन्हाची उणीव भासते! हाडे ठिसूळ होतात, आणि या रोगात तोल जाऊन पडण्याचे भय मोठे असल्याने मांडीचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. सोसवेल अशा उन्हात रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसवावे. हाडांसाठी चुनाही लागतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्यात प्रथिने बेताची असल्याने ती दिवसाही निर्धास्तपणे देता येते.

ब-१२ जीवनसत्त्व : हे वनस्पतिज अन्नात नसते; दूध, अंडी, मासळी, मांस यांतून मिळते. दीर्घकाळ लेव्होडोपा घेणाऱ्यांत याची उणीव अधिक आढळते. रोगी शाकाहारी असल्यास अधिकच. पायांस मुंग्या येणे, बधिरपणा, विस्मरण ही लक्षणे रोगाची म्हणून सोडून न देता रक्ताची तपासणी करावी.

ब-६ जीवनसत्त्व : नुसता लेव्होडोपा दिला जात असे तेव्हा ब-६ च्या गोळ्यांनी त्याचा गुण घटत असे. कार्बिडोपायुक्त गोळीत ही अडचण फारशी उरलेली नाही. म्हणून केळी, बटाटे असे ब-६ असलेले अन्न वर्ज्य करण्याचे कारण नाही. परंतु शक्तीच्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांस तसे सांगावे.

लोह : रक्तक्षयासाठी मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या लेव्होडोपाशी आतड्यातच बांधल्या जातात व औषधाचे शोषण कमी होते. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.

खाजकुइलीविषयी

रानात, कुंपणावर वाढणारी व अंगास लागताच आग-खाज सुटणारी खाजकुइली शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. संस्कृतात तीस कपिकच्छू म्हणतात. तिच्या बियांत लेव्होडोपा प्रत्यक्ष असतो, हे दामोदरन व रामस्वामी या मद्रास येथील संशोधकांनी १९३७ साली दाखविले. आपल्या वनस्पतिविद्येस ही भूषणावह गोष्ट आहे. परंतु येथेच मोठा धोकाही आहे.

बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सामान्यतः ४ ते ६ टक्के असते व ते वाण, जमीन, बियांची पक्वता व साठवण यांनुसार बदलते. एकाच गावच्या दोन कुंपणांवरील बियांची चमचाभर पूड सारख्या बळाची असेल, याची शाश्वती कोणीही देऊ शकणार नाही. गोळी चालू असताना गुपचूप ही पूड दिल्यास औषधाची मात्रा नकळत वाढते. मळमळ, चक्कर, अंगाच्या अनावर हालचाली, भ्रम असे परिणाम होतात. मोझांबिक देशात १९८९ साली दुष्काळ व युद्धामुळे लोकांनी या बिया अन्न म्हणून खाल्ल्या, तेव्हा दोनशेहून अधिक माणसांस तीव्र बुद्धिभ्रंश झाला. बिया उकळून पाणी वारंवार फेकून देण्याची तेथील जुनी रीत पाण्याच्या टंचाईमुळे मोडली होती.

या पुडीवर शास्त्रीय प्रयोगही झाले आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८ रोग्यांस तिच्या एकेका मात्रेने चांगला गुण आला. पुढील वर्षी १६ आठवड्यांच्या दुसऱ्या प्रयोगात मात्र १४ पैकी ७ जणांस पोटाच्या तक्रारींमुळे वा हालचाली बिघडल्यामुळे ती सोडावी लागली. म्हणून खाजकुइली ही सामान्य आहारवस्तू नसून तीव्र औषधी आहे, असेच समजावे व डॉक्टरांच्या देखरेखीवाचून देऊ नये.

उत्तरेकडे पिकणाऱ्या बाकल्याच्या शेंगांतही लेव्होडोपा असतो. आपला वाल, पावटा व घेवडा ही निराळी पिके होत. त्यांस बाकला समजून औषध म्हणून खाऊ घालू नये. शिवाय काही व्यक्तींच्या रक्तात एका विकराची जन्मजात उणीव असते. त्यांस बाकला खाल्ल्याने रक्तपेशी फुटून कावीळ व तीव्र रक्तक्षय होतो.

मलावरोध, वजन व गिळण्याची अडचण

मलावरोध हा या रोगाचा जुना सोबती असून कित्येकांत तो थरथर सुरू होण्याच्या अनेक वर्षे आधी येतो. कोंड्यासह दळलेले पीठ, भाकरी, पालेभाज्या, पेरू, पपई, भिजविलेले मनुके आणि दिवसाकाठी सहा ते आठ पेले पाणी यांनी पुष्कळ आराम पडतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. इसबगोल द्यावयाचा असल्यास भरपूर पाण्याबरोबर व गोळीच्या वेळेपासून दूर द्यावा.

वास कमी येऊ लागल्याने अन्नावरील वासना उडते, जेवावयास वेळ लागतो व वजन घटत जाते. महिन्यातून एकदा वजन करून ते कागदावर लिहून ठेवावे. वजन घटत असल्यास भातावर चमचाभर तूप वाढवावे व तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे द्यावी.

गिळताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा होणे, वारंवार खोकला येणे ही धोक्याची चिन्हे होत. अन्न श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा दाह होतो व तो प्राणावर बेतू शकतो. अशा रोग्यास ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली झुकवून, लहान घासांनी जेऊ घालावे. घाई करू नये. चिवडा, लाह्या, सुकी भाकरी, अख्खे शेंगदाणे टाळावे. भाकरी आमटीत कुस्करून, खिचडी मऊ करून द्यावी. पातळ पाण्याने ठसका लागत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पेय किंचित दाट करून द्यावे.

शेतकऱ्याने स्वतःविषयी घ्यावयाची काळजी

या रोगाची कारणे अनेक आहेत व सर्व उलगडलेली नाहीत. तथापि काही शेती-औषधांशी त्याचा संबंध दिसून आला आहे. पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत हा रोग सुमारे अडीचपट आढळल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २०११ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांतील कंपवातास व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. फवारणी करताना हातमोजे, तोंडावर योग्य मुखपट्टी, अंगभर कपडे व बूट वापरावे. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. द्रावण हाताने ढवळू नये. फवारणीनंतर स्नान केल्यावाचून अन्नास हात लावू नये आणि औषधाचे रिकामे डबे स्वयंपाकघरात कदापि आणू नयेत.

सारांश

१. गोळी पाण्याबरोबर व ठरल्या वेळी द्यावी; जेवणापूर्वी अर्धा तास किंवा नंतर एक तास.
२. प्रथिने तोडू नयेत. गरज भासल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांची वेळ बदलावी.
३. लोहाची गोळी व ही गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.
४. ड व ब-१२ जीवनसत्त्वांची तपासणी करून घ्यावी.
५. खाजकुइलीची पूड परस्पर देऊ नये.
६. वजन दरमहा पाहावे. गिळताना ठसका लागल्यास दुर्लक्ष करू नये.

घरात कोणास हा विकार असल्यास एका वहीत आठवडाभर तीन गोष्टी लिहून ठेवाव्या : गोळी किती वाजता दिली, जेवण किती वाजता व काय झाले, आणि हालचाल केव्हा सुलभ व केव्हा जड होती. पावसाची व पाण्याच्या पाळ्यांची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्यास हे काम अवघड नाही. ती वही पुढील खेपेस डॉक्टरांपुढे ठेवावी. औषधाची मात्रा ठरविणे हे त्यांचे काम. परंतु त्या औषधास वाट मोकळी ठेवणे हे घरच्या चुलीशी असलेल्या माणसाच्या हाती आहे.